कोकणाने नाकारलेली तांब्याची भट्टी

वेंगुर्ल्याच्या पोफळीच्या बागांत मृगाआधी मोरचूद विरघळवलं जातं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी: हे बोर्डो मिश्रण. जमलं की नाही हे पाहायला त्यात विळ्याचं पातं बुडवतात; पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. फवारणी चुकली तर कोळेरोगाने कोवळ्या सुपारीचा सडा पडतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. बागायतदाराचा तांब्याशी संबंध असा थेट आहे.

हे तांबं आपल्या मातीतलं नाही. वेंगुर्ले तालुक्यात रेडीची खाण आहे, पण ती लोहखनिजाची. देशातला तांब्याचा मोठा साठा गोंदियाच्या पलीकडे, बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडला. हिंदुस्तान कॉपरची ही खाण 1982 मध्ये सुरू झाली. तिथे शंभर किलो दगडातून मिळतं किलोभर तांबं. त्यामुळे भारतातल्या मोठ्या भट्ट्या चालतात त्या मुख्यतः परदेशातून बोटीने येणाऱ्या कॉन्सन्ट्रेटवर, म्हणजे दगड दळून वेगळ्या काढलेल्या खनिजाच्या भुकटीवर. साहजिकच भट्टीला बंदर हवं असतं.

असं बंदर रत्नागिरीत होतं. 1992 मध्ये स्टरलाइट कंपनीला झाडगावच्या औद्योगिक क्षेत्रात जागा मिळाली, बांधकामही सुरू झालं. बागायतदारांनी विचारलेला प्रश्न साधा होता: धूर कुठे जाणार?

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तांब्याच्या मुख्य खनिजात ढोबळमानाने तिसरा हिस्सा तांबं, तिसरा लोह आणि तिसरा गंधक. भट्टीत गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. तो पकडून त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. टनभर तांब्यामागे सुमारे तीन टन. सगळा वायू पकडला गेला तर ठीक. निसटला तर पानं करपतात, मोहोर जातो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने साका (गर आतून बिघडणं) न होणारा ‘रत्ना’ आंबा तयार केला तो 1981 मध्ये. एका जातीसाठी वर्षानुवर्षं खपणाऱ्या मुलखाने मोहोर जुगारावर लावावा, ही अपेक्षाच चमत्कारिक होती.

आंदोलन पेटलं आणि जुलै 1993 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवलं. प्रकल्प तामिळनाडूत थुथुकुडीला गेला. तिथे तो वर्षाला चार लाख टनांपर्यंत वाढला. प्रदूषणाचे आरोप कंपनीने सतत नाकारले, लोकांनी सतत केले. 22 मे 2018 रोजी मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. 13 माणसं गेली. आठवडाभरात कारखान्याला टाळं लागलं आणि शुद्ध तांबं निर्यात करणारा भारत ते आयात करू लागला.

रत्नागिरीचा नकार योग्यच होता, असं माझं मत. मात्र आपण तो विजय म्हणून सांगतो तेव्हा पुढची गोष्ट गाळतो. तांब्याची गरज आपण सोडली नाही. पंप, तारा, मोरचूद, सगळं चालू राहिलं. भट्टी फक्त दुसऱ्यांच्या दारात गेली, आणि जे रत्नागिरीने मागितलं तेच मागताना तिथली माणसं मेली. कारखाना पुन्हा उघडण्याची कंपनीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये फेटाळली. पुढच्याच महिन्यात गुजरातेत मुंद्र्याला वर्षाला पाच लाख टनांची नवी भट्टी सुरू झाली, तीही बंदराशेजारीच.