अठराव्या दिवसाचं अंडं

मनिला महानगरात 16 शहरं आणि एकच नगरपालिका आहे. ती म्हणजे पातेरोस. क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरच्या आसपास आणि 2020च्या जनगणनेनुसार वस्ती 65,227. घराला घर लागलेलं, गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाने अंग चोरायचं. या दाटीत बदकं कुठे ठेवत असतील, असा प्रश्न पडणारच. ती आता तिथे जवळपास नाहीतच. पूर्वी नदीकाठी बदकांचे वाडे होते आणि नदीतल्या गोगलगायींवर ती पोसली जात. नदी नासली, काठावर घरं चढली आणि बदकं बाहेरच्या प्रांतांत गेली. आता तिकडूनच अंडी येतात. गावात उरलं ते अंडी उबवण्याचं कसब, आणि पातेरोसचं नाव खरं तर त्यावरच टिकून आहे.

‘इतिक’ नावाचं हे बदक अंडी भरपूर देतं, पण खुडूक होत नाही. कोंबडीसारखं ते अंड्यांवर बसायला तयारच नसतं. त्यामुळे बसण्याचं काम माणसाने अंगावर घेतलं.

जुनी पद्धत अशी. मोठ्या लोखंडी कढईत भात (सालीसकट, न सडलेला) हाताला सोसवेल इतपत गरम करायचा आणि कापडी पिशव्यांत भरायचा. अंड्यांच्याही वेगळ्या पिशव्या करायच्या. मग कणगीसारख्या उंच बांबूच्या टोपलीत एक थर गरम भाताचा, एक अंड्यांचा, असं रचत जायचं. टोपलीभोवती तूस ठासलेला असतो, म्हणून ऊब बाहेर पळत नाही. भात निवला की काढून पुन्हा तापवायचा. तेवढ्यात थर उलटेपालटे करून अंडी फिरवून घ्यायची, नाहीतर आतला गर्भ कवचाला चिकटतो.

ऊब किती, हे पूर्वी तापमापक सांगत नसे. कारागीर अंडं गालाला किंवा पापणीला लावून पाहत. ऐकायला गंमत वाटते, पण या कातडीला लहानसा फरकही कळतो. यातली मला सर्वांत हुशारीची वाटणारी गोष्ट पुढची. गर्भ वाढू लागला की अंडं स्वतःच ऊब देऊ लागतं. मग भात कमी तापवावा लागतो, आणि जुन्या अंड्यांच्या शेजारी नवी ठेवली की इंधनही वाचतं. आता अनेक ठिकाणी विजेची यंत्रं आली आहेत, त्यांना असली युक्ती लागत नाही.

साधारण अकराव्या दिवशी पहिली पारख होते. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर एकेक अंडं धरतात. शिरांचं लाल जाळं दिसलं तर ते पुढे जातं. आत काहीच धरलेलं नसेल किंवा गर्भ लवकर मेला असेल, तर ते बाजूला काढून उकडतात आणि ‘पेनोय’ म्हणून स्वस्तात विकतात. नासलेलंही वाया जात नाही. त्या ‘अब्नोय’ची तळून केलेली बिबिंगका (धिरड्यासारखा पदार्थ) खाणारे शौकीन आहेत. वासाची सवय मात्र हवी.

बदकाचं पिल्लू 28 दिवसांनी बाहेर येतं. फिलिपिनो पसंतीचा ‘बालुत’, म्हणजे आत पिल्लू धरलेलं उकडलेलं अंडं, मात्र सोळा ते अठरा दिवसांतच उकळत्या पाण्यात जातो. तेव्हा पिल्लू पांढऱ्या आवरणात गुंडाळलेलं असतं, चोच-पिसं जाणवत नाहीत. व्हिएतनाममध्ये याहून जून अंडं आवडतं. पातेरोसवाल्याला ते जून वाटेल.

विक्री प्रामुख्याने संध्याकाळनंतर. टोपली कापडात गुंडाळून विक्रेता ‘बालूऽऽत’ अशी लांब आरोळी देत फिरतो. खाणारा अंड्याचं रुंद टोक फोडतो, कारण हवेची पोकळी तिथे असते आणि रस सांडत नाही. आधी तो कोमट रस ओढून प्यायचा, मग मीठ किंवा मिरची घातलेलं व्हिनेगर टाकून पिवळा बलक आणि पिल्लू खायचं. तळाशी पांढऱ्या बलकाचा टणक गोळा उरतो. बरेच जण तो फेकून देतात.