अद्भुत वीरांच्या नव्या चित्रकथा

मधल्या सुटींत आमच्या मेजावर पडलेला चित्रकथेचा एक अंक पाहून आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थी जवळ आला. मुखपृष्ठावर नायक रक्तबंबाळ होऊन पडलेला दाखविला होता. विद्यार्थ्यानें तें चित्र क्षणभर न्याहाळलें आणि म्हटलें, "सर, काळजी करूं नका. हा मेला तरी वर्षभरांत उठतो." एवढें बोलून स्वारी हंसत निघून गेली. बोलणें थट्टेचें खरें. पण तें आमच्या मनांतून जाईना. ज्या कथेंत मरण खोटें, त्या कथेंतलें धैर्य खरें कसें मानावें? या चित्रकथांचा नाद आम्हांस शाळकरी वयापासून आहे, हें येथें प्रथमच कबूल करून टाकतों. त्यामुळें त्या मुलाचें म्हणणें आम्हांस थोडें झोंबलें, आणि २०२४ पासून अमेरिकेंत निघालेले कांहीं अंक आम्हीं त्याच प्रश्नाच्या दृष्टीनें पुन्हां काढून वाचले.

आमच्या पालकवाचकांपैकीं पुष्कळांनीं बाळपणीं इंद्रजाल कॉमिक्स वाचलीं असतील. १९६४ पासून १९९० पर्यंत चाललेल्या त्या मालेंत वेताळ हा नायक फार लोकप्रिय होता. त्याची कथा ली फॉक यांनीं अमेरिकेंत १९३६ मध्यें सुरू केली होती. वेताळाच्या कथेंत मरणाचा प्रश्न मोठ्या युक्तीनें सोडविलेला होता. अरण्यांतील लोकांना तो अमर वाटे. पण वाचकाला ठाऊक असे कीं, बाप मरतो, मुलगा त्याचाच पोशाख चढवितो, आणि आपण ज्याची कथा वाचतों तो त्या घराण्यांतला एकविसावा पुरुष आहे. त्यामुळें वेताळावर बंदूक रोखली गेली म्हणजे वाचकाचें काळीज खरोखरच हाले.

अमेरिकेंतील दोन मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या वीरांना मात्र ही सोय लाभली नाहीं. आणि त्याचें कारण कथेंत नसून व्यवहारांत आहे. क्लीव्हलंड शहरांतील जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनीं सुपरमॅन निर्माण केला. १९३८ मध्यें ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकांत तो झळकला. परंतु त्याचे हक्क त्यांनीं अवघ्या १३० डॉलरांस विकून टाकले होते. पुढें बहुतेक वीरांच्या बाबतींत असेंच झालें. नायक लेखकाचा नाहीं, संस्थेचा. लेखक येतात, चार-दोन वर्षें लिहितात आणि जातात. नायक मात्र पुढल्या लेखकाच्या हातीं जसाच्या तसा सोंपवावा लागतो. भाड्याच्या घरांतली भिंत पाडतां येत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

म्हणूनच १९९२ मध्यें मोठ्या गाजावाजानें सुपरमॅनला मारलें, आणि १९९३ मध्यें तो परत आला. स्पायडर-मॅनची, म्हणजे पीटर पार्करची, कथा तर याहून वाईट. १९८७ मध्यें त्याचें मेरी जेनशीं लग्न लावून दिलें. वीस वर्षांनीं, मरणाच्या दारीं असलेल्या मे काकूचे प्राण वांचावेत म्हणून पीटरला एका सैतानाशीं सौदा करावयास लावला, आणि तें लग्न झालेंच नव्हतें असें ठरवून टाकलें! संसारी नायक म्हातारा वाटेल, एवढीच त्यामागची धास्ती. वाचकानें वीस वर्षें मनोभावें जें वाचलें तें एका फटक्यानें पुसून टाकणें हा आमच्या मतें वाचकावर अन्याय होता, आणि आमचें हें मत आजही बदललेलें नाहीं.

यावर तोड काढली गेली ती अशी कीं, एक निराळेंच जग कल्पावयाचें. नांवें तींच, माणसें तींच, पण कथा पहिल्यापासून नवी. मूळ मालिका आपल्या वाटेनें चालत राहते. नव्या जगांत लेखकाला भिंती पाडण्याची मोकळीक मिळते. मार्व्हल या संस्थेनें २००० मध्यें 'अल्टिमेट' या नांवानें असा प्रयोग केला होता. त्यांत २०११ मध्यें पीटर मेला आणि माइल्स मोरालेस या दुसऱ्याच मुलानें मुखवटा चढविला. म्हणजे वेताळाची युक्ति तेथपर्यंत पोंचली म्हणावयाची. पण मोह आवरला नाहीं, आणि २०१४ मध्यें तो पीटरही जिवंत निघाला. असो. त्याच नांवाचें दुसरें जग मार्व्हलनें २०२३ मध्यें उभारलें, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत डी. सी. या दुसऱ्या संस्थेनें 'ॲब्सोल्यूट' नांवाचें आपलें जग काढलें. आम्हीं वाचलेले अंक या दोन जगांतले आहेत.

त्यांतील सर्वांत सरस अंक आमच्या मतें नव्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'चे. ही मालिका जानेवारी २०२४ मध्यें सुरू झाली. लेखक जोनाथन हिकमन, मुख्य चित्रकार मार्को चेकेटो. मूळ कथा, स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांची, १९६२ सालची. तींत पीटर शाळकरी पोर. कोळी त्याला अपघातानें चावतो. अंगीं आलेल्या शक्तीचा तो तोरा मिरवितो, आणि त्याच्या बेफिकिरीमुळें बेनकाकांचा खून होतो. त्या पश्चात्तापांतून वीर जन्मतो. नव्या कथेंत यांतलें कांहींच घडलेलें नाहीं. एका दुष्ट शास्त्रज्ञानें तो कोळी पीटरपर्यंत पोंचूंच दिला नाहीं. पीटर आतां पस्तिशीचा आहे, दाढी राखून आहे, मेरी जेनशीं सुखाचा संसार करतो आहे. रिचर्ड व मे हीं त्याचीं दोन मुलें. बेनकाका जिवंत आहेत. गेली आहे ती काकू. सर्व कांहीं ठीक आहे, आणि तरीही आपलें कांहीं तरी हरवलें आहे असें त्याला सारखें वाटत राहतें. अशा वेळीं तो कोळी त्याच्याकडे पाठविला जातो. पेटी उघडावयाची कीं नाहीं, हें त्यानें ठरवावयाचें आहे.

या एका फरकानें कथेचें सारें वजन बदललें. पंधरा वर्षांच्या मुलाला कोळी चावला तर त्यांत त्याचा दोष नाहीं आणि पुण्यही नाहीं. पण दोन मुलांचा बाप, गमावण्यासारखें सर्व कांहीं पदरीं असतां, समजून-उमजून हात पुढें करतो, तेव्हां वाचक चपापतो. त्यानें तसें करावें काय? आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं हा पहिला अंक चाळून "हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे" असा अभिप्राय दिला. आम्हीं तो मान्य केला नाहीं. पण स्पायडर-मॅनच्या अंकावरून दोन प्रौढ माणसांनीं बापाच्या कर्तव्याविषयीं अर्धा तास वाद घालावा, हेंच आम्हांस नवीन होतें.

दुसरी गोष्ट काळाची. मासिक चित्रकथांत काळ बहुधा थबकलेला असतो. वाचक मोठा होतो, नोकरीला लागतो, त्याचे केस पिकतात, नायक मात्र तेवढाच. या मालिकेंत एक अंक गेला कीं कथेंतलाही एक महिना जातो. मुलें वाढतात, ऋतु पालटतात, नवीन धंद्याचे हिशेब थकतात. बेनकाका आणि जेम्सन हे दोघे वयस्क वृत्तपत्रकार जुनी नोकरी सोडून स्वतःचें पत्र काढतात, तो भाग आम्हांस विशेष आवडला. उतारवयांतलें साहस अशा अंकांत क्वचितच दिसतें. आणि चौथा अंक! त्यांत पीटर आणि मेरी जेन, तसेच हॅरी ऑस्बोर्न आणि त्याची पत्नी ग्वेन, असे चौघे एका उपाहारगृहांत जेवावयास बसतात. हाणामारी जवळजवळ नाहींच. ज्याला मारामारीचींच चित्रें हवीं त्याला हा अंक मिळमिळीत वाटेल. पण चित्रकथेचें खरें मर्म दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टींत असतें. एका चौकटींत माणूस हंसतो, पुढलींत नजर खालीं वळवितो. मध्यें काय घडलें तें चित्रकार काढीत नाहीं, वाचक मनांत काढतो. जेवणाच्या त्या अंकांत डेव्हिड मेसिना या चित्रकारानें हें काम फार नाजूकपणें साधलें आहे.

आतां बॅटमॅन. १९३९ पासून तो गडगंज श्रीमंत आहे. आईबापांचा खून झाला, पण मागें वाडा राहिला, पैसा राहिला, सेवक राहिला. स्कॉट स्नायडर यांनीं लिहिलेल्या व निक ड्रॅगोटा यांनीं चितारलेल्या 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'मध्यें ही सर्व दौलत काढून घेतली आहे. येथला ब्रूस वेन चोवीस वर्षांचा, कष्टकरी वस्तींत वाढलेला अभियंता. बाप शाळामास्तर, प्राणिसंग्रहालयाच्या सहलींत झालेल्या गोळीबारांत विद्यार्थ्यांना वांचवितांना मेला. आई मात्र जिवंत आहे. वाचकांस हा बदल किरकोळ वाटेल, पण आम्हांस तोच सर्वांत मोठा वाटतो. कारण ज्याची कोणी वाट पाहत नाहीं त्याला रात्रीं जीव धोक्यांत घालणें सोपें असतें. शिवाय जुन्या कथांत जे त्याचे हाडवैरी, ते येथें त्याचे बालमित्र आहेत. तो त्यांच्याबरोबर पत्ते खेळत बसतो. पुढें यांचें काय होणार, ही धास्ती प्रत्येक हंसऱ्या पानाखालीं लपलेली असते. जुन्या कथेंत धनिक वीर गरीब चोरांना बडवीत असे, याचें आम्हांस लहानपणींही थोडें वावडें वाटे. येथें धन सर्व शत्रूकडे आहे.

तथापि या मालिकेविषयीं आमची एक स्पष्ट तक्रार आहे. पहिल्याच अंकांत हा वीर छातीवरचें वटवाघळाचें चिन्ह उपसतो, त्याची कुऱ्हाड करतो, आणि एका गुंडाचा हात तोडतो. ड्रॅगोटा यांच्या रेषेंत जोर विलक्षण आहे. देहाचा आकार असा कीं पानाच्या कडा फुटतील असें वाटतें. पण रक्त पुढें पुढें इतकें वाहतें कीं, त्याचा परिणामच उरत नाहीं. मरण स्वस्त झालें म्हणजे कथा हलकी होते, हें आपण वर पाहिलें. जखम स्वस्त झाली तरी तेंच होतें. हा पहिला अंक अनेकवार पुन्हां छापावा लागला, तेव्हां आमची तक्रार फारशी कोणी मनावर घेईल असें नाहीं.

याच्या उलट केली थॉम्पसन यांची 'ॲब्सोल्यूट वंडर वुमन'. चित्रें हेडन शर्मन यांचीं. १९४१ सालची मूळ डायना सुखाच्या बेटावर, आपल्या शूर भगिनींमध्यें वाढते. ही नरकांत वाढते. सर्सी या चेटकिणीच्या पदरांत तें अर्भक टाकलें जातें. चेटकिणीला पोर नको असतें. पण दिवसांमागून दिवस जातात आणि ती हळूहळू आई होते. पुढें नरकांत अडकलेल्या एका परक्या सैनिकाला वरच्या जगांत परत पाठविण्यासाठीं डायना आपला एक हात देऊन टाकते. येथेंही हात तुटतो, पण बॅटमॅनच्या अंकाशीं ताडून पाहा: तेथें हात घेतला जातो, येथें दिला जातो, आणि तो प्रसंग वाचून आम्हीं अंक थोडा वेळ मिटून ठेवला. या मालिकेस २०२५ मध्यें उत्कृष्ट नवीन मालिकेचें आयस्नर पारितोषिक मिळालें, तें योग्यच झालें.

जेसन ॲरन यांच्या 'ॲब्सोल्यूट सुपरमॅन'विषयीं थोडक्यांत सांगतों. आरंभींचे अंक आम्हांस थंड वाटले. यंत्राची बडबड फार, माणसाची कमी. परंतु त्याला ब्राझीलमधील खाणमजुरांच्या बाजूनें उभा केला, हा जो नवा विचार म्हणून वाखाणला गेला, तो नवा मुळींच नाहीं. १९३८ सालच्या तिसऱ्याच अंकांत सीगल व शुस्टर यांच्या सुपरमॅननें एका बेफिकीर खाणमालकाला पाहुण्यांसकट त्याच्याच खाणींत अडकवून मजुरांचे हाल दाखविले होते. नातू आजोबांवर गेला, एवढेंच.

पालकांस एक व्यवहाराची गोष्ट सांगणें अवश्य आहे. हे सुटे अंक पातळ असतात. एकेकाची किंमत पांच डॉलरांच्या घरांत, आणि वाचून होतो पाव तासांत. त्यापेक्षां पांच-सहा अंकांचें एकत्र बांधलेलें पुस्तक घेणें परवडतें, आणि तें हातोहात फिरतेंही. बॅटमॅनचें पुस्तक धाकट्यांच्या हातीं देण्यापूर्वीं स्वतः वाचून पाहावें.

हे सर्व अंक वाचून झाल्यावर आम्हीं त्या आठवीच्या विद्यार्थ्यास बोलावून 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'चा पहिला अंक दिला. त्यानें तो दुसऱ्या दिवशीं परत आणला. बेनकाका याही कथेंत पुढें मरतात काय, एवढेंच त्यानें विचारलें. उत्तर न देतां आम्हीं त्याच्या हातीं दुसरा अंक ठेवला.