आधी म्यान, मग पातं

हातानं सुरी घडवण्याच्या छंदात सगळं कौतुक पात्याच्या वाट्याला येतं. बेळगाव-निपाणी पट्ट्यात मात्र आधी म्यान शिकणं शहाणपणाचं. पात्यासाठी ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद कुठंही मिळतं. ते साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासं झालं, की आणखी थोडी आच देऊन तेलात बुडवायचं आणि २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवायचा. कातड्याचं कसब मात्र इथलं खास. अथणी-निपाणी भागात चपलांसाठी बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं कातडं वापरतात. ते ओलं करून पात्याभोवती दाबलं, की वाळताना तोच आकार धरतं. रापीनं कापायचं, आरीनं भोकं पाडायची, वादीनं शिवायचं, हे इथं पिढीजात आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगावसह कर्नाटकातले ४ जिल्हे आहेत, ते उगाच नव्हे.

कातड्यात पोलाद गंजतं, हा आक्षेप खराच. टॅनिन आणि ओल यांनी पात्यावर डाग पडतात. पण म्हणून म्यान टाळायचं कारण नाही. ते नेण्या-आणण्यापुरतं वापरावं; घरी सुरी तेलाचा हात फिरवून बाहेर ठेवावी. धारेच्या बाजूला शिवणीत कातड्याची जादा पट्टी घातली, तर टाकेही कापले जात नाहीत. राहिला कायदा. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती येतात. घरगुती व शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. नवख्यानं ४ इंची भाजीची सुरी करावी. तिच्यात दोन्ही कामं शिकून होतात.