एक सर्किट, पंचेचाळीस परीक्षा

इलेक्ट्रॉनिक सर्किट सोल्डर करण्याआधी ते संगणकावर गणिताने चालवून पाहणे म्हणजे सिम्युलेशन. या कामाचे मूळ साधन ‘स्पाइस’. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी ते लिहिले आणि १९७३ मध्ये ते जगापुढे आले. तेव्हा सर्किटचे वर्णन पंचकार्डांवर उतरवायचे, कार्डांचा गठ्ठा यंत्राला द्यायचा आणि छापील कागदाची वाट पाहायची. त्याची खूण अजून पुसलेली नाही. वर्णनाच्या फाइलला आजही ‘डेक’, म्हणजे गठ्ठाच, म्हटले जाते आणि तिची पहिली ओळ केवळ शीर्षक मानली जाते. त्या ओळीत चुकून एखादा रेझिस्टर लिहिला, तर तो सर्किटमधून निमूट गायब होतो.

पडद्यावर चित्र काढून माउसने गणित सुरू करण्याची सोय पुष्कळ नंतरची. स्पाइसला माणूस शेजारी बसलेला कधीच लागत नव्हता. स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमने, काम करणे ही त्यामुळे नवी टूम नाही, जुनीच रीत आहे.

स्क्रिप्टची गरज साध्या फिल्टरमध्येही दिसते. १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की सुमारे १,५९२ हर्ट्झच्या वरचे सूर दबू लागतात. पण बाजारातला रेझिस्टर ५ टक्के आणि कपॅसिटर १० टक्के इकडेतिकडे असू शकतो. दोन्ही टोके धरली तर हीच सीमा १,३७८ पासून १,८६१ हर्ट्झपर्यंत सरकते. चिपच्या आराखड्यात तर ट्रान्झिस्टरच्या घडणीच्या ५ तऱ्हा, ३ व्होल्टेज आणि उणे ४० ते १२५ अंश सेल्सिअसमधील ३ तापमाने धरली, की एकाच सर्किटच्या ४५ परीक्षा होतात. त्या हाताने घेणारा माणूस विसाव्या फेरीला कुठला तरी आकडा बदलायला विसरतोच.

स्क्रिप्ट हे काम सरळ मार्गाने करते. सर्किटच्या फाइलमध्ये बदलत्या किमतींच्या जागा मोकळ्या ठेवायच्या. पायथॉनसारख्या भाषेतला छोटा प्रोग्रॅम दरवेळी त्या भरतो, एनजीस्पाइस हे मुक्त सॉफ्टवेअर पडद्याविना चालवतो आणि पुढच्या फेरीला लागतो. (आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पातले ‘ईसिम’ हे सर्किट-सॉफ्टवेअर गणितासाठी याच एनजीस्पाइसवर विसंबते.) किमती भरताना मात्र एक खोडा आहे. स्पाइसमध्ये ‘एम’ म्हणजे मिली. मेगासाठी ‘मेग’ लिहावे लागते. १ मेगाओहमच्या जागी ‘१ एम’ लिहिले, तर रेझिस्टर १ मिलिओहमचा, म्हणजे जवळपास नुसती तार होतो आणि सॉफ्टवेअर तक्रारही करत नाही. सगळी शून्ये लिहिलेली बरी.

गणिते चालवणे हे यातले सोपे काम. कस लागतो तो निकाल ठेवताना. सर्किटमधल्या ५० बिंदूंचे व्होल्टेज १० लाख क्षणांसाठी साठवले, तर प्रत्येक आकड्याला ८ बाइट धरून एका फेरीचे ४० कोटी बाइट होतात. ४५ फेऱ्यांचे १८ अब्ज. म्हणून हवे तेवढेच बिंदू साठवतात. त्याहून चांगले म्हणजे सीमा-वारंवारता, सर्वोच्च व्होल्टेज असे नेमके माप सिम्युलेटरकडूनच काढून घेऊन तक्त्यात एक ओळ टाकणे. त्या ओळीत मापाबरोबर रेझिस्टर, कपॅसिटर, तापमान, व्होल्टेज, ट्रान्झिस्टरसारख्या घटकांचे गणिती वर्णन असलेल्या मॉडेलच्या फाइलचे नाव आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती हवी. किमती यादृच्छिक निवडल्या असतील, तर त्या ज्या बीजसंख्येवरून निघाल्या तीही हवी. नाहीतर बिघडलेली फेरी पुन्हा घडवून आणता येत नाही. कशापासून आला हे माहीत नसलेला आकडा फेकून दिलेला बरा.

तरंगरूपे, म्हणजे क्षणाक्षणाचे व्होल्टेज, साठवायचीच असतील, तर आणखी एक अडचण येते. सिम्युलेटर वेळेची पावले सारखी टाकत नाही. व्होल्टेज झपाट्याने बदलते तिथे लहान, शांत असते तिथे मोठी. त्यामुळे दोन फेऱ्यांचे क्षण एकमेकांशी जुळत नाहीत. वजाबाकी करण्याआधी दोन्ही समान अंतराच्या क्षणांवर आणावी लागतात.

सर्वांत फसवी चूक याहून साधी आहे. एखाद्या फेरीत गणित जुळत नाही, वेळेचे पाऊल लहान होत होत सिम्युलेटर हात टेकतो, आणि स्क्रिप्ट मात्र आधीच्या फेरीची तिथे पडलेली फाइल उचलून बिनधास्त पुढे जाते. तक्ता पूर्ण दिसतो; एक ओळ खोटी असते. म्हणून दर फेरीला फाइलचे नाव वेगळे ठेवतात, जुनी फाइल आधी पुसतात, आणि फसलेल्या फेरीची ओळ गाळण्याऐवजी ‘निकाल नाही’ अशी नोंद करतात. अशा ओळी बहुधा टोकाच्या तापमानातच सापडतात.

तक्ता असा ठेवला, की मॉडेलची फाइल बदलल्यावर तीच ४५ गणिते रात्रीतून पुन्हा लावता येतात. सकाळी जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवला, की कुठल्या तापमानाला कुठला आकडा हलला ते लगेच दिसते.