हवा भरलेला पॅडलबोर्ड आणि शांत पाण्याची पारख

प्रस्तावना :
हवाई बेटांच्या लाटांवर रूढ झालेला, फळीवर उभे राहून वल्हवण्याचा क्रीडाप्रकार आता संथ नद्या व तलावांवरही रुजला आहे. घडी करून पिशवीत मावणाऱ्या, हवा भरावयाच्या बोर्डामुळे तो नवशिक्यांना सुलभ झाला. मात्र बोर्डावर तोल साधणे जितके सोपे, तितकी पाण्याची पारख सोपी नाही. प्रस्तुत लेखात बोर्डाची रचना, वल्हवण्याचे तंत्र व सुरक्षितता यांचा परामर्श घेतला आहे.

१. बोर्डाची रचना :
बोर्डाचे वरचे व खालचे थर समान लांबीच्या हजारो धाग्यांनी आतून जोडलेले असतात. त्यामुळे हवा भरल्यावर तो फुग्यासारखा गोल न होता सपाट व ताठ राहतो. नवशिक्यांसाठी साधारणतः १० ते ११ फूट लांब, ३२ ते ३४ इंच रुंद व ६ इंच जाड बोर्ड योग्य ठरतो. रुंदीमुळे तोल सुधारतो, तर लांबीमुळे दिशा टिकते. हवेचा दाब उत्पादकाच्या सूचनेनुसार, बहुधा प्रति चौरस इंच १२ ते १५ पौंड ठेवावा. तो कमी पडल्यास बोर्ड मध्यभागी वाकतो. ३० अंश सेल्सिअसला १५ पौंड दाबाने भरलेला बोर्ड उन्हात ६० अंशांपर्यंत तापल्यास, आकारमान स्थिर मानता, दाब सुमारे १८ पौंड होतो. म्हणून काठावर तो सावलीत ठेवावा.

२. वल्हवण्याचे तंत्र :
प्रारंभी बोर्डाच्या मध्यावर गुडघे टेकून वल्हवावे. तोल जमल्यावर एकेक पाऊल ठेवून उभे राहावे. पावलांत खांद्यांइतके अंतर, गुडघे किंचित वाकलेले व दृष्टी समोर असावी. वल्ह्याचे पाते पुढे झुकलेले धरावे, ते पायांच्या पुढे पाण्यात पूर्ण बुडवावे व घोट्यांपाशी बाहेर काढावे. पडताना बोर्डापासून दूर, पाण्यात पडावे.

३. सुरक्षितता :
पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट आवश्यक आहे. तलावात खरा धोका वाऱ्याचा असतो. उभी व्यक्ती शिडासारखी वारा अडवते. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परतणे सोपे होते. वारा वाढल्यास गुडघ्यांवर बसावे. घोट्याला बांधलेला दोर येथे उपकारक ठरतो, कारण मोकळा बोर्ड वाऱ्याबरोबर पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर जातो.

वाहत्या नदीत मात्र हाच दोर घातक ठरतो. तो फांदीत वा खांबात अडकल्यास प्रवाहाच्या जोरामुळे घोट्यापर्यंत हात पोहोचत नाही. तेथे एका ओढीसरशी सुटणारा कमरेचा पट्टाच वापरावा. बंधाऱ्याजवळ तर जाऊच नये. त्याच्या पायथ्याशी उलट फिरणारे पाणी माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढते. वरच्या बाजूने पाहता बंधाऱ्याची कड सपाट भासते, त्यामुळे धोका उशिरा कळतो. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधील हॅवरफर्डवेस्ट येथे पावसाने फुगलेल्या वेस्टर्न क्लेडाऊ नदीतील बंधाऱ्यावर पॅडलबोर्डवरील चार जणांना प्राण गमवावे लागले.

निष्कर्ष :
शांतपणा हा जलाशयाचा कायमचा गुण नसून त्या दिवसाची स्थिती आहे. पाऊस, वारा व धरणातील विसर्ग यांनी ती बदलते. त्यामुळे महाविद्यालयांनी असा उपक्रम योजताना साहित्याच्या खरेदीआधी जागेची पाहणी, प्रशिक्षित मार्गदर्शक आणि उपक्रम ऐनवेळी रद्द करण्याचा अधिकार कोणाचा, हे निश्चित करणे अगत्याचे आहे.