विश्लेषण : हौशी व्हिडीओसाठी फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा... आधी बॉडी ठरवावी की लेन्स?

मोबाइलवर रील आणि भटकंतीचे व्हिडीओ करून हात बसला, की अनेक हौशी मंडळींचे लक्ष फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्याकडे वळते. बॉडी आणि एक बरी लेन्स मिळून दीड-दोन लाख रुपये सहज जातात. नोकरदार घरासाठी ही दुचाकीपेक्षा मोठी खरेदी. तरीही निर्णय बहुधा होतो तो खोक्यावरच्या ४के, ६के, ८के या आकड्यांवर. व्हिडीओ करणाऱ्याला प्रत्यक्षात अडवणाऱ्या गोष्टी मात्र या आकड्यांत दिसतच नाहीत.

फुल-फ्रेम म्हणजे काय आणि ते हवेच का?

फुल-फ्रेम सेन्सर म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या एका चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिमीचा सेन्सर. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा असतो. क्षेत्रफळात सव्वादोन पटींहून अधिक फरक पडतो. त्यामुळे त्याच अ‍ॅपर्चरला फुल-फ्रेमला कमी प्रकाशात साधारण सव्वा स्टॉपचा फायदा मिळतो आणि पार्श्वभूमीही अधिक धूसर होते. फुल-फ्रेमवर ५० मिमी, एफ १.८ लेन्स जे चित्र देते, तसेच एपीएस-सीवर हवे असेल तर सुमारे ३३ मिमी, एफ १.२ लेन्स लागेल.

या दिसण्याचे वेड लागले ते कॅननच्या ‘५डी मार्क २’पासून. २००८ मध्ये आलेल्या या डीएसएलआरने फुल-फ्रेमवर फुल एचडी व्हिडीओ शक्य केला आणि २०१० मध्ये ‘हाउस’ या अमेरिकी मालिकेचा एक संपूर्ण भाग त्यावर चित्रित झाला. सोनीने २०१३ मध्ये ‘ए७’ आणला. निकॉन आणि कॅनन फुल-फ्रेम मिररलेसमध्ये उतरले ते २०१८ मध्ये.

संध्याकाळची मैफल, नाटकाची तालीम, रात्रीची विसर्जन मिरवणूक हे तुमचे विषय असतील तर फुल-फ्रेमचे पैसे वसूल होतात. भरदिवसा राजगडाच्या वाटेवर चित्रीकरण करायचे असेल तर प्रकाश मुबलक असतो, पाठीवर ओझेही कमी हवे असते. अशा वेळी एपीएस-सी पुरेसा आहे, आणि दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही.

तपशिलाच्या तक्त्यात काय शोधायचे?

पहिली गोष्ट म्हणजे क्रॉप. ‘४के ६०’ असे लिहिलेले असले तरी तो वेग सेन्सरच्या पूर्ण रुंदीवर मिळतो का, हे पाहावे. सोनीच्या ‘ए७ ४’मध्ये आणि पॅनासॉनिकच्या ‘एस५ २’मध्ये ४के ६० फ्रेमसाठी सेन्सरचा फक्त मधला, एपीएस-सी एवढा भाग वापरला जातो. म्हणजे २८ मिमीची लेन्स ४२ मिमीसारखी वागू लागते. छोट्या सभागृहात पाठ भिंतीला टेकली तरी मंच चौकटीत मावत नाही. शिवाय फुल-फ्रेमचे पैसे मोजून त्या वेळेपुरता एपीएस-सीच हाती राहतो. कॅननचा ‘आर८’ आणि निकॉनचा ‘झेड६ ३’ हा वेग पूर्ण रुंदीवर देतात. संथ गतीतले दृश्य कधीतरीच लागणार असेल, तर मात्र हा मुद्दा सोडून दिला तरी चालेल.

दुसरी गोष्ट रोलिंग शटर. सेन्सर एका क्षणात नव्हे, तर वरून खाली एकेक ओळ करत वाचला जातो. वाचन संथ असेल तर धावत्या लोकलमधून घेतलेले विजेचे खांब तिरके दिसतात, ढोल वाजवणाऱ्याच्या हातातली टिपरू वाकलेली दिसते. ‘झेड६ ३’मध्ये अंशतः स्टॅक्ड सेन्सर वापरला आहे तो याचसाठी. ‘ए७ ४’चा ३३ मेगापिक्सेलचा सेन्सर छायाचित्रांना उत्तम, पण वाचनात तुलनेने संथ आहे.

तिसरी गोष्ट उष्णता. २०२० मध्ये आलेला कॅननचा ‘आर५’ ८के चित्रीकरणात साधारण २० मिनिटांत तापून थांबतो, म्हणून त्याच्यावर बरीच टीका झाली होती. मे महिन्यातल्या नागपूरमध्ये किंवा सोलापूरमध्ये दोन तासांचा कार्यक्रम सलग टिपायचा असेल, तर पंखा असलेली बॉडी हा चैनीचा भाग राहत नाही. ‘एस५ २’मध्ये तो आहे. सोनीचा ‘झेडव्ही-ई१’ अंधारात अप्रतिम चालतो, पण त्यात पंखा नाही आणि कार्डाचा खणही एकच. ‘आर८’मध्ये बॉडीतले स्टॅबिलायझेशन नाही, बॅटरीही लहान. सगळे गुण एकाच बॉडीत मिळत नाहीत. कोणता दोष आपल्या कामाच्या आड येणार नाही, तेवढे शोधायचे.

मग लेन्स आधी का?

बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, पण लेन्स आणि तिचा माउंट सोबत राहतो. सोनीच्या ई-माउंटवर सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्स मुबलक आहेत. पॅनासॉनिक, लायका आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एल-माउंटसाठी हातमिळवणी केली, त्यामुळे तिथे सिग्माची बरीचशी मालिका मिळते. निकॉन झेडसाठी टॅमरॉनचे काही झूम आहेत. कॅननच्या आरएफ माउंटवर सिग्मा-टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्सचा मार्ग २०२४ मध्ये उघडला, तोही एपीएस-सी लेन्सपुरता. त्यामुळे कॅननची बॉडी स्वस्तात मिळाली, तरी पुढच्या तीन लेन्सचा खर्च आधी कागदावर मांडून पाहावा.

छायाचित्रांसाठी चांगली असलेली लेन्स व्हिडीओतही चांगली ठरेल असे नाही. फोकस एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर नेताना चौकट किंचित आत-बाहेर होते, त्याला ब्रीदिंग म्हणतात. छायाचित्रात ते कळतही नाही, व्हिडीओत डोळ्यांत खुपते. सोनीच्या काही बॉडी हा दोष आतल्या आत भरून काढतात, पण सोनीच्याच ठरावीक लेन्सवर. बॉडीसोबत मिळणाऱ्या एफ ३.५-५.६ छापाच्या झूमची अडचण वेगळी. झूम करत नेले की चित्र मध्येच काळवंडते. म्हणून स्थिर अ‍ॅपर्चरचा झूम घ्यावा. एफ २.८चे सिग्मा २८-७० आणि टॅमरॉन २८-७५ हे हौशी बजेटमधले समंजस पर्याय आहेत. यातला सिग्मा अवघा ४७० ग्रॅमचा आहे, म्हणजे गिंबलवरही जड होत नाही. हात लांब करून स्वतःशीच बोलत व्हिडीओ करणाऱ्यांना मात्र २८ मिमी अरुंद पडते. त्यांनी २० मिमीच्या आसपास पाहावे.

दोन्हीच्या पुढच्या फिल्टरचा व्यास ६७ मिमी आहे. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट पैसे वाचवते. पॅनासॉनिकने आपल्या एफ १.८ लेन्सची मालिकाच ६७ मिमीवर बसवली, म्हणजे एकच फिल्टर सगळ्यांना चालतो.

फिल्टर लागतोच का?

लागतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून २५ फ्रेम आणि एक पन्नासांश सेकंद शटर ही जोडी भारतात सोयीची. पट्टे दिसत नाहीत आणि हालचालही डोळ्यांना नैसर्गिक वाटते. पण शटर तिथे बांधले गेले, की भर उन्हात प्रकाश कमी करायचा कशाने? साधा हिशेब असा : कडक उन्हात आयएसओ १००, शटर एक शतांश असेल तर एफ १६ लागते. शटर एक पन्नासांश केले आणि एफ २.८ ठेवले, तर सहा स्टॉप जादा प्रकाश आत येतो. लॉग प्रोफाइलमध्ये किमान आयएसओ ८००च्या आसपास असतो, त्याचे आणखी तीन स्टॉप. नऊ स्टॉप म्हणजे ५१२ पट. एवढा प्रकाश अडवायला एनडी फिल्टरच हवा. स्वस्त फिरता फिल्टर घेतला, तर वाइड कोनात आकाशात काळी फुली उमटते.

बॉडी घेतल्यावर किती खर्च उरतो?

४के, १० बिट चित्रीकरण सेकंदाला २०० मेगाबिटने केले तर तासाला ९० जीबी जागा लागते. घरचे स्नेहसंमेलन टिपले की एक कार्ड संपते, मग त्याच्या दोन प्रती ठेवायला हार्ड डिस्क लागते. शिवाय ४:२:२, १० बिट एच.२६५ फाइल अनेक लॅपटॉपवर अडखळत चालते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचे अंतर्गत ग्राफिक्स आणि अ‍ॅपलचे एम मालिकेतले प्रोसेसर ती सहज वाचतात. जुना संगणक असेल तर कॅमेऱ्याआधी त्याचा विचार करावा.

मायक्रोफोनचे तर बोलायलाच नको. डळमळते चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण न ऐकू येणारा संवाद नाही. एकूण दोन लाख असतील तर बॉडीवर एक लाखाच्या फार वर जाऊ नये. मागच्या पिढीची बॉडी आणि चांगली लेन्स ही जोडी नव्या बॉडी आणि किट लेन्सपेक्षा सरस ठरते. खरेदीपूर्वी तीच जोडी एक दिवस भाड्याने घ्यावी. मुंबई-पुण्यात ही सोय आहे.

जुनी लेन्स घ्यावी का?

फोर्टच्या बोरा बझारसारख्या ठिकाणी जुन्या लेन्स मिळतात, घरातही एखादी निघते. मिररलेसमध्ये माउंट आणि सेन्सरमधले अंतर कमी, म्हणजे निकॉन झेडचे १६ मिमी, सोनीचे १८ मिमी. त्यामुळे ४६.५ मिमी अंतराची निकॉनची १९५९ पासूनची एफ-माउंट लेन्सही अडॅप्टरने बसते. फोकस मात्र हातानेच करावा लागतो. घेण्याआधी लेन्समधून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी असते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ती नव्या लेन्सलाही लागते. त्यामुळे कापडी बॅगेत कॅमेरा कपाटात ठेवून देण्यापेक्षा, झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली की पुरे.