विश्लेषण : थोरला मुंबईत, धाकटा घारापुरीत, बेटावर राहणे परवडते का?

घारापुरी बेट गेटवेपासून लाँचने सुमारे तासाभरावर. रात्री तिथून मुंबईचे दिवे दिसतात. थोरला भाऊ नोकरीसाठी शहरात गेला, की धाकट्यापुढे प्रश्न येतो : आपणही जायचे, की आई-वडिलांजवळ राहायचे?

वीज आल्याने काय बदलले?
उरण तालुक्यातील या बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून इथे वीज आली. त्याआधी संध्याकाळी काही तास चालणाऱ्या जनरेटरवर भिस्त होती. आता फ्रिज, पंखा, मोबाइल चार्जिंग घरातच होते.

पोट कशावर चालते?
मुख्यतः पर्यटकांवर. इथली लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. टपरी, खानावळ, वाटाड्याचे काम यांतून पैसा येतो. पण सोमवारी लेणी बंद, पर्यटकांना रात्री मुक्काम नाही आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचही बंद.

मग थोरल्याचे चुकले का?
नाही. त्याला ठरलेल्या तारखेला पगार मिळतो, दवाखाना जवळ आहे. मात्र भाडे आणि लोकलची गर्दी त्याच्याच वाट्याला. धाकट्याला घरभाडे नाही, घरची माणसे सोबत आहेत.

खरी अडचण कोणती?
रात्री वडिलांच्या छातीत दुखू लागले, तर आधी होडी शोधावी लागते. वीज पोहोचली, पण खात्रीची रात्रीची वाहतूक नसेल तर धाकट्याचा निर्णय मनावर नव्हे, समुद्रावर ठरतो.